तंबूत दोघेच, कामे दहा जणांची

पत्राचा सारांश: यावल तालुक्यातील एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या शिक्षिका आहेत, वय एकतीस. लग्नाला सहा वर्षे झाली. घरी सासू-सासरे आणि चार वर्षांची मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत पतीने मित्राकडून तंबू मागून आणला आणि मुलीला प्रथमच आजीजवळ ठेवून दोघांनी स्वतःच्या गाडीने चार दिवसांचा प्रवास केला. पहिल्या दिवशी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर स्नान करून अडावदजवळ ओळखीच्या केळीच्या बागेत मुक्काम झाला. पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकू लागले, अंथरूण ओले झाले, आणि ‘ओले कपडे आत ठेवलेस म्हणून झाले’ असा ठपका त्यांच्यावर आला. दुसऱ्या दिवशी तोरणमाळला पोचेपर्यंत अंधार पडला होता. वारा सुटलेला, खुंट्या जमिनीत जाईनात. पाऊण तास त्या टॉर्च धरून उभ्या होत्या आणि पती ‘नीट धर’ म्हणून दोनदा खेकसले. मोबाइलला रेंज नसल्याने मुलीची चौकशी करता आली नाही, त्यावर ‘आई आहे ना तिच्याजवळ’ एवढेच उत्तर मिळाले. त्या रडल्या. शेवटी दोघे गाडीतच झोपले, थंडीमुळे काही वेळ इंजिन चालू ठेवून. सकाळी मात्र यशवंत तलावावर धुके उतरले होते आणि पतीने दगडांच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून लग्नानंतर प्रथमच स्वतः चहा केला होता. त्यात घालायला गवती चहाची जुडी पतीनेच घरून न सांगता आणली होती. ‘तो अर्धा तास मला सहा वर्षांहून मोठा वाटतो’, असे त्या लिहितात. तिसऱ्या दिवशी तापीकाठचे प्रकाशा तीर्थक्षेत्र पाहून शहाद्याच्या लॉजवर मुक्काम, आणि चौथ्या दिवशी सारंगखेडा, दोंडाईचा, अमळनेर असा जवळजवळ मुक्याने परतीचा प्रवास. पतीने तलावाचा फोटो स्टेटसला ठेवला, सगळ्यांनी कौतुक केले, आणि यांना ते खोटे वाटले. आता पतीला जानेवारीत पाटणादेवीच्या जंगलात दोन रात्री तंबू ठोकायचा आहे. सासूबाई म्हणतात, चांगले घर असताना रानात झोपायची हौस कशाला? वाचक भगिनी विचारतात, ‘ज्यांना चार दिवस धड काढता येत नाहीत त्यांनी आयुष्य कसे काढायचे? प्रवासात माणूस खरा कळतो म्हणतात. मग मला जे कळले तेच खरे समजू का? जाऊ, की नको म्हणू?’

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला भांडणे दिसली. दुसऱ्या वाचनात मी एका कागदावर कोणी काय केले ते लिहून काढले, आणि तो कागद भांडणांपेक्षा बोलका निघाला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पांघरुणे, औषधे, मुलीच्या चार दिवसांची सोय, वाटेतला स्वयंपाक आणि भांडी हे सगळे तुमच्याकडे. गाडी चालवणे, रस्ता ठरवणे आणि तंबू हे त्यांच्याकडे. कोठे थांबायचे, किती वाजता निघायचे, उनपदेवला किती वेळ घालवायचा, यांपैकी एकही निर्णय तुम्ही दोघांनी बसून घेतल्याचे पत्रात कोठे दिसत नाही. ते ठरवत गेले आणि तुम्ही सांभाळत गेलात.

‘प्रवासात माणूस खरा कळतो’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते, आणि तुम्ही त्याच मापाने सहा वर्षे मोजायला बसला आहात. मला ते माप पुरेसे वाटत नाही. खड्डे चुकवत दिवसभर गाडी चालवलेला, उपाशी पोटी अंधारात खुंटी ठोकणारा माणूस जितका खरा असतो, तितकाच सकाळी उठून कोणाला न उठवता चहा टाकणाराही खरा असतो. पहिल्याला खरा आणि दुसऱ्याला योगायोग मानावे, असे तुमच्या पत्रात तरी काही आढळत नाही.

बाहेर उघड्यावर मुक्काम करणे हे खान्देशाला नवे नाही, म्हणून सासूबाईंचा प्रश्नही थोडा वेगळ्या बाजूने पाहावासा वाटतो. माझ्या लहानपणी महाशिवरात्रीला आमच्या घरून चांगदेवच्या यात्रेला बैलगाडी निघत असे. दोन रात्री आम्ही गाडीच्या आडोशाला झोपायचो. आजोबा बैल सोडायचे, काका पाणी आणायचे, आई आणि काकू कणीक तिंबायच्या, आम्ही मुले गोवऱ्या गोळा करायचो आणि त्या आरावर भाजलेल्या बट्ट्या वरणात कुस्करून खायचो. तेथेही कुरबुरी व्हायच्याच. पण काकूचे काकांशी बिनसले की ती आईजवळ येऊन बसायची, काका बैलांकडे जाऊन उभे राहायचे, आणि तासाभरात राग निवायचा. दहा माणसांत कामही वाटले जायचे आणि रागही. तुमच्या तंबूत मात्र दोघेच होता. दहा जणांची कामे दोघांवर आली आणि घरात जी माणसे नकळत मध्ये उभी राहून तुमचे बोलणे मऊ करतात, म्हणजे सासूबाई, मुलगी, शेजारी, त्यांच्यापैकी कोणीही तेथे नव्हते. रागाला जायला दुसरी जागा नव्हती. चार दिवस जड गेले याचा अर्थ आयुष्य जड जाणार असा होत नाही. चार दिवसांची मांडणी जड होती, एवढेच त्यावरून म्हणता येते. मांडणी बदलता येते, म्हणून त्या दोन रात्रींकडे मी जरा बारकाईने पाहणार आहे.

अडावदची रात्र आधी घेऊ, कारण त्या रात्रीचा ठपका तुमच्या मनात अजून सलतो आहे. दोन माणसे रात्रभर श्वास सोडतात आणि त्या श्वासात पाण्याची वाफ असते. बाहेर थंडी असली की तंबूचे कापड गार पडते, वाफ त्यावर बसते आणि पहाटे थेंब होऊन खाली येते. केळीच्या बागेत ठिबकमुळे जमीन सतत ओलसर असते, मोठ्या पानांखाली वारा खेळत नाही, आणि डासांच्या भीतीने तुम्ही सगळ्या चेनी बंद केल्या होत्या. ओल्या टॉवेलांनी त्यात थोडी भर घातली असेल, पण ते नसते तरी पाणी टपकलेच असते. डासांची जाळी लावून ठेवावी आणि वरची झडप मात्र बोटभर तरी उघडी ठेवावी. तंबू बागेत न लावता बांधावर किंवा शेतातल्या खळ्यावर, जेथे जमीन कोरडी आणि थोडी उंच आहे, तेथे लावावा. हे दोघांनाही ठाऊक नव्हते. जे दोघांनाही ठाऊक नव्हते त्याची चूक एकाच्या पदरात घालणे अन्यायाचे होते, आणि तुम्ही तसे त्यांना शांतपणे सांगावे असे मला मनापासून वाटते.

तोरणमाळची रात्र अधिक मोलाची आहे. अडावदहून चोपडा, शिरपूर, शहादा आणि मग घाट चढून तोरणमाळ, हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याची अवस्था आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सातपुड्याच्या घड्यांमध्ये उजेड त्याच्याही आधी जातो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून उंच आहे, म्हणजे तापीकाठच्या आपल्या गावांपेक्षा तेथे सहज पाच-सहा अंशांनी गारठा जास्त. शिवाय वर सगळा काळा पाषाण, त्यावर वीतभर मुरूम. काळ्या मातीत हाताने दाबली तरी जाणारी खुंटी तेथे वाकते. तुमचे पती पाऊण तास दगडाशी झगडत होते आणि तुम्ही, अंगात हुडहुडी, मनात मुलगी, टॉर्चचा झोत नेमका कोठे हवा आहे हे न सांगता ओळखायचा प्रयत्न करत होता. अशा जमिनीवर खुंटी ठोकायचीच नसते. तंबूचे दोर मोठ्या दगडांना गुंडाळायचे आणि त्या दगडांवर आणखी दगड ठेवायचे, की काम पाच मिनिटांत होते. आणि मुक्कामाची जागा दुपारी चारपर्यंत पक्की झालेली असावी, मग ठरवलेले ठिकाण गाठले असो वा नसो. चार वाजता तुम्ही शहाद्याच्या आसपास असता तर त्या रात्री शहाद्यालाच थांबणे शहाणपणाचे ठरले असते. तंबू घेऊन निघालेल्या जोडप्यांचे वाद माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा दिवेलागणीचेच असतात. त्या वेळी भूक, थकवा आणि मावळता उजेड एकत्र येतात आणि ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ म्हणणारा एक जण नेहमी असतो.

येथे एक गोष्ट मला कडक शब्दांत सांगितली पाहिजे. बंद काचांच्या गाडीत इंजिन चालू ठेवून पुन्हा कधीही झोपू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. कोळशाची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह तंबूत घेण्याचाही धोका हाच आहे. ऊब पांघरुणांतून आणि विशेषतः खालच्या अंथरुणातून मिळवायची असते. जमीन अंगातली उष्णता ओढून घेते, म्हणून अंगावर दोन रजया घेण्यापेक्षा एक खाली आणि एक वर घेतलेली बरी, आणि तिच्याखाली फोमची चटई असेल तर फारच उत्तम.

आता त्या सकाळीविषयी. तुम्ही धुक्याचे वर्णन अर्ध्या पानात केले आहे आणि चहाचे दोन ओळींत, पण त्या अर्ध्या तासाचे मोल मला धुक्यापेक्षा चहात दिसते. आदल्या रात्री तुम्ही त्यांच्या हुकमाप्रमाणे टॉर्च धरून उभ्या होता. सकाळी ते तुमच्यासाठी वाऱ्याला पाठ करून स्टोव्हजवळ बसले होते आणि तुम्हाला काहीच करायचे नव्हते. सहा वर्षांत तुमच्या हातात कोणी आयता कप दिला नव्हता. घरी हे घडू शकत नाही असे तुम्हाला वाटते. सासूबाईंसमोर ते ओट्याजवळ उभे राहणार नाहीत, कदाचित तुम्हालाच ते अवघड वाटेल. तेथे कोणी पाहणारे नव्हते, म्हणून ते जमले. जी माणसे नसल्यामुळे रात्री भांडण चिघळले, तीच नसल्यामुळे सकाळी चहा झाला. प्रवासातला सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगला प्रसंग, दोन्ही एकाच प्रश्नाचे आहेत: काम कोणाचे आणि सांगायचे कोणी. जुडी त्यांनी घरून आणली होती, म्हणजे तो चहा त्यांनी निघण्याआधीच मनात योजला होता. रात्रीच्या खेकसण्यानंतर केलेली ती सारवासारव नव्हती. हे तुमच्या लक्षात आले आहे का, ते मला पत्रावरून कळले नाही.

त्या फोटोला खोटे म्हणू नका. ती सकाळ घडली होती. तुम्हाला जे बोचते आहे ते वेगळे असावे: रात्रीविषयी तुमच्या दोघांत अजून एक शब्दही झालेला नाही, आणि त्याआधीच सकाळ गावाला दाखवली गेली. तेव्हा बोलणे व्हायला हवे ते त्या रात्रीविषयी, आणि ते घरीच, जेवण झाल्यावर, मुलगी झोपल्यावर. ‘तुम्ही माझ्यावर ओरडलात’ येथून सुरुवात केली तर ते बचाव मांडू लागतील. ‘मला त्या वेळी छकुलीची काळजी लागली होती आणि तुम्हाला ती कळत नाही असे वाटले’ येथून सुरुवात करून पाहा.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतःला एकटीने, खरेपणाने विचारावा. तो खेकसणारा आवाज त्या रात्रीपुरता होता, की घरीही तो रोजचा आहे? थकलेला माणूस चिडतो आणि दुसऱ्या दिवशी वरमतो, ते निभावता येते. पण घरीही त्यांच्या आवाजाची भीती वाटत असेल, बोलण्याआधी शब्द मोजावे लागत असतील, तर जेथे रेंज नाही, ओळखीचे माणूस नाही, अशा जागी त्यांच्यासोबत जाऊ नका, आणि ही गोष्ट माहेरच्या विश्वासाच्या माणसाला किंवा समुपदेशकाला सांगा. तुमच्या पत्रातून मला तसे वाटले नाही, तरीही हा प्रश्न टाळून मी पुढचे लिहू शकत नाही, कारण हे सदर वाचणाऱ्या काही जणींचे उत्तर वेगळे असेल.

आता जानेवारी. सरळ ‘नको’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात काही मोडत नाही. कोणाला तंबूची आवड नसणे हा संसारातला दोष नाही. पण नको म्हणालात तर तो चहाही नको म्हटल्यासारखे होईल, ही रुखरुख तुमच्या शेवटच्या पानावर स्पष्ट दिसते. आहे तसा बेत स्वीकारून मुकाट्याने जाणे मला सर्वांत वाईट वाटते. मग नोव्हेंबरच पुन्हा घडेल. तिसरा मार्ग असा की जायचे, पण बेत तुम्ही दोघांनी मिळून पुन्हा मांडायचा.

पाटणादेवी चाळीसगाव तालुक्यात गौताळा–औट्रमघाट अभयारण्यात येते. परवानगीशिवाय अभयारण्यात रात्री राहणे किंवा जाळ करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तेथे बिबट्याचा वावर आहे. तेव्हा ‘जंगलात कोठेतरी तंबू’ हा विचार सोडावा लागेल, हे पतीला कायदा म्हणून सांगा, तुमची नापसंती म्हणून नको. वन विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करून जी सोय आणि परवानगी मिळेल तेवढीच घ्यावी. पालचे जंगल तर तुम्हाला घराजवळच आहे. तेथे यावल अभयारण्य असल्यामुळे नियम तेच, पण वन विश्रामगृहाचे आरक्षण मिळाले तर पक्क्या छपराखाली रात्र आणि दिवसभर सातपुडा, असा सुंदर बेत होतो. तंबूच हवा असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात, घराच्या हाकेच्या अंतरावर लावा. नदीच्या पात्रात किंवा धरणाखालच्या वाळूत कधीही नको; वरून पाणी केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो. पायताणे सकाळी झटकून घालावीत, विंचू उबेला शिरतो.

दोन रात्रींची एकच रात्र करा. पहिल्याच खेपेला चार दिवस हा तुमच्या बेतातला मोठा दोष होता, असे मला वाटते. नवे काम शिकताना माणूस थोडे करून घरी येतो, पुसून-वाळवून ठेवतो आणि मग पुन्हा जातो. निघण्याच्या आठवडाभर आधी तंबू अंगणात लावून पाहा, आणि तो तुम्ही लावा. ते टॉर्च धरतील. टॉर्च कोठे धरायचा हे सांगावे लागते, ते त्यांना आपोआप समजेल. सासूबाईंनी ओसरीतून पाहिले तर पाहू द्या. मुलीला त्यात दुपारभर खेळू द्या, म्हणजे आई-बाबा रात्री कोठे जाणार हे तिलाही कळेल.

कामांची वाटणी कागदावर करा, त्याला संकोच वाटू देऊ नका. माझी सूचना अशी की एका जेवणाचे सगळे, म्हणजे चिरणे, शिजवणे आणि भांडी घासणे, त्यांच्याकडे, आणि मार्गातल्या एका टप्प्याचा निर्णय तुमच्याकडे. वांग्याचे भरीत हा पुरुषांना जमणारा पदार्थ आहे हे खान्देशात वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात शेताशेतांवर काट्या पेटवून पुरुष मंडळीच तर भरताच्या पार्ट्या करतात. जो हात मित्रांसाठी शेतावर वांगी भाजतो तो तुमच्यासाठीही भाजू शकतो. बाकीचे जेवण धाब्यावर घ्या. चार दिवसांत तुम्ही प्रत्येक वेळी स्टोव्हसमोर बसलात, तर तुमची सुट्टी झालीच कोठे?

मुलीच्या बाबतीत रेंजची वेळ आधीच ठरवा. शेवटच्या मोठ्या गावातून फोन करायचा आणि आजीला सांगायचे, ‘आता उद्या सकाळी अकराला फोन येईल, त्याआधी आला नाही तरी काळजी नको.’ मळ्याच्या मालकाचा किंवा विश्रामगृहाचा नंबर घरी लिहून ठेवायचा. ‘आई आहे ना’ हे उत्तर चुकीचे नव्हते, आजी खरोखरच होती. पण तुम्ही माहिती विचारत नव्हता. तुमच्या जिवाची घालमेल कोणीतरी पाहावी, एवढेच तुम्हाला हवे होते, आणि हे वाक्य तुम्ही त्यांना याच शब्दांत सांगू शकता.

सामानाची यादी करताना दोर, सुटे खिळे, फोमची चटई, कोरडे कपडे ठेवायला वेगळी पिशवी, एक जास्तीचा टॉर्च, हे सगळे लिहून काढा. गवती चहा मात्र त्या यादीत लिहू नका. तो त्यांचा त्यांना आठवू द्या.